हेकरूच्या जबड्यात शिरणारा मासा

ऑस्ट्रेलियाच्या ईशान्य किनाऱ्याजवळ, ग्रेट बॅरिअर रीफवर, लिझार्ड आयलंड नावाचे एक लहान बेट आहे. त्याच्या भोवतालच्या उथळ, नितळ पाण्यात प्रवाळांच्या एखाद्या उंचवट्यापाशी थोडा वेळ थांबले, तर डोळ्यांवर विश्वास बसू नये असे दृश्य दिसते. कोकणात ज्याला हेकरू म्हणतात त्या कुळातला एक मोठा शिकारी मासा तोंड वासून, कल्ल्यांची झाकणे ताणून निश्चल तरंगत असतो. बोटभर लांबीचा एक निळसर मासा त्याच्या दातांमधून आत शिरतो, कल्ल्याच्या फटीतून बाहेर येतो आणि पुन्हा आत जातो. डोक्याकडून शेपटीकडे रुंद होत जाणारा काळा पट्टा ही या लहान माशाची खूण. एरवी एवढा मासा म्हणजे हेकरूचा एक घास. इथे मात्र जबडा मिटत नाही.

हा क्लीनर रॅस, शास्त्रीय नाव लॅब्रॉइडस डायमिडिएटस. तांबड्या समुद्रापासून आपल्या लक्षद्वीपपर्यंत आणि तिथून पुढे प्रशांत महासागरातील बेटांपर्यंत, प्रवाळ असतील तिथे तो आढळतो. इतर माशांच्या अंगावरचे रक्तपिपासू परजीवी वेचून खाणे हा त्याचा उदरनिर्वाह. त्याची जागा ठरलेली असते आणि गिऱ्हाइके आपणहून तिथे येतात. अलेक्झांड्रा ग्रटर यांनी लिझार्ड आयलंडवर केलेल्या अभ्यासानुसार एक क्लीनर दिवसाला सरासरी १२०० परजीवी फस्त करतो. याच परिसरातील काही छोट्या प्रवाळखडकांवरून संशोधकांनी सगळे क्लीनर काढून टाकले आणि ही स्थिती साडेआठ वर्षे टिकवली, तेव्हा तिथे वस्ती करून असलेल्या माशांची संख्या शेजारच्या खडकांच्या तुलनेत सुमारे ३७ टक्क्यांनी आणि त्यांच्या जातींची संख्या सुमारे २३ टक्क्यांनी कमी भरली.

येथवरची कथा परस्पर सहकार्याची, सरळ आणि गोड वाटते. खरी गंमत पुढे आहे, कारण क्लीनरला परजीवी मुळात फारसे आवडतच नाहीत. माशांच्या कातडीवर जो बुळबुळीत थर असतो, तो त्याला जास्त रुचतो. हा थर गिऱ्हाइकाचे संरक्षण करतो आणि तो बनवायला शरीराला ऊर्जा खर्चावी लागते. म्हणून त्याचा लचका तोडला की गिऱ्हाईक अंगाला झटका देते आणि हे झटके मोजून अभ्यासक क्लीनरच्या लबाडीचा अंदाज घेतात. म्हणजे प्रत्येक गिऱ्हाइकाच्या अंगावर एकाच वेळी मजुरीही असते आणि मोहही.

मग हा मासा बहुतेक वेळा प्रामाणिक का राहतो? रेदुआन बशारी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी अनेक वर्षे या प्रश्नाचा पाठपुरावा केला आणि त्यातून जे हाती आले ते एखाद्या आठवडी बाजाराचे वर्णन वाटावे असे आहे. दूरवर भटकणाऱ्या माशांना अनेक क्लीनरांची ठिकाणे ठाऊक असतात; एका ठिकाणी ताटकळावे लागले किंवा चावा बसला, तर ते पुढच्या वेळी दुसरीकडे जातात. खडकाचा एक कोपरा धरून राहणाऱ्या लहान माशांना ही मुभा नसते. म्हणून दोघे एकदम आले की क्लीनर आधी पाहुण्याची सेवा करतो आणि घरच्याला थांबायला लावतो, कारण घरचा जाऊन जाऊन जाणार कुठे! हा घरचाही अगदीच हतबल नसतो. चावा बसला की तो क्लीनरचा पाठलाग करतो. हेकरूसारख्या शिकाऱ्याला मात्र सहसा फसवले जात नाही आणि त्याचे कारण सांगायची गरज नाही.

मला याहून विलक्षण वाटते ते वेगळेच. रांगेतला पुढचा मासा पाहत असेल, तर क्लीनर समोरच्या गिऱ्हाइकाशी अधिक सचोटीने वागतो. पाहणाराही पाहिलेले लक्षात घेतो: काम सुरळीत चालले असेल तर जवळ येतो, झटके दिसले तर दूर जातो. गिऱ्हाईक नाराज होऊन निघू लागले, तर क्लीनर आपल्या परांनी त्याची पाठ हलकेच चोळतो. ही चंपी निव्वळ लाडीगोडी नाही. प्रयोगशाळेत शल्यमाशांना क्लीनरच्या हलत्या प्रतिकृतीचा स्पर्श मिळाला, तेव्हा त्यांच्या शरीरातील कॉर्टिसॉल या ताणाशी निगडित संप्रेरकाचे प्रमाण घटले.

कधी नर आणि मादी मिळून एकाच मोठ्या गिऱ्हाइकाची सफाई करतात. मादीने चावा घेतला आणि गिऱ्हाईक निघून गेले, तर नर तिच्यावर धावून जातो आणि त्यानंतर ती अधिक जपून वागते. गिऱ्हाईक गमावल्याने नुकसान त्याचेही झालेले असते, हे खरे कारण. एका नराच्या ताब्यात अनेक माद्या असतात आणि तो मेला की त्यांतली सर्वांत मोठी मादी काही तासांतच नरासारखी वागू लागते. पुढच्या साधारण दोन आठवड्यांत तिच्या शरीरात शुक्राणू तयार होऊन ती खरोखरच नर बनते.

इतका हिशेब ठेवणाऱ्या माशाला स्वतःची ओळख असेल का, हे तपासण्याचे धाडस जपानमधील मासानोरी कोहदा यांच्या गटाने केले. त्यांचा निबंध २०१९ मध्ये प्रसिद्ध झाला. त्यांनी क्लीनरांना आरशाची सवय होऊ दिली आणि मग त्यांच्या गळ्याखाली, जिथे त्यांची स्वतःची नजर पोहोचत नाही तिथे, परजीवीसारखा दिसणारा तपकिरी ठिपका उमटवला. या कसोटीला उतरलेल्या चार माशांपैकी तिघांनी आरशात पाहिल्यावर तळाशी जाऊन गळा घासला. रंगहीन ठिपका होता तेव्हा, किंवा आरसा नव्हता तेव्हा, त्यांनी तसे केले नाही. आरशातला मासा आपणच आहोत हे त्यांना कळते, या निष्कर्षावर बराच वाद झाला आणि तो व्हायलाही हवा होता. पण घासून झाल्यावर पुन्हा आरशासमोर येऊन गळा वर करणारा तो मासा, ठिपका गेला की नाही हेच जणू पाहत होता.