भाजलेल्या पेशंटच्या रक्तात इन्फेक्शन : मागची गोष्ट

लोटे किंवा महाडच्या एमआयडीसीत कोणी मोठं भाजलं की पेशंट मुंबईला हलवतात, कुडाळ-सावंतवाडीकडचा असेल तर गोव्यात बांबोळीला, आणि मग काही दिवसांनी आयसीयूतून निरोप येतो की इन्फेक्शन रक्तात पसरलंय. घरचे हादरतात, पहिल्या दिवशी तर बोलत होता ना, चहा पण मागितला. त्यांचा राग अगदी समजतो, पण यामागे शंभर वर्षांची गोष्ट आहे.

पूर्वी पेशंट इतके दिवस टिकतच नव्हता, अंगातलं पाणी झिरपून दोन दिवसांत शॉकनेच, म्हणजे रक्तदाब कोसळून, जायचा. 1921 मध्ये अमेरिकेत न्यू हेवनला थिएटरला आग लागली, तिथल्या भाजलेल्यांवर अंडरहिल या संशोधकांनी अभ्यास केला, फोडांतलं पाणी जवळपास रक्तातल्या प्लाझ्मासारखंच (पेशी सोडून उरलेल्या पातळ भागासारखं) निघालं, तिथून सलाईनचं महत्त्व कळत गेलं. 1968 चा पार्कलँड फॉर्म्युला आजही वापरतात: दर किलो वजनाला, अंगाच्या दर टक्का भाजण्यामागे 4 मिली सलाईन, त्यातलं अर्धं पहिल्या 8 तासांत, आणि हे 8 तास भाजल्यापासून मोजायचे, हॉस्पिटलात पोचल्यापासून नाही. आपल्याकडे घाट आणि हायवेतच त्यातले किती जातात बघा.

शॉक आवरला तसे जंतू पुढे आले. आधी स्ट्रेप्टोकोकस, तो पेनिसिलीनने दबला तर स्युडोमोनास. मग त्याच 1968 साली सिल्व्हर सल्फाडायझिन आलं, तीच पांढरी क्रीम. पण जळून मेलेल्या कातडीत रक्तच फिरत नाही, त्यामुळे शिरेतून दिलेलं अँटिबायोटिक तिथवर पोचणार कसं? माझ्या मते खरा फरक पाडला तो युगोस्लाव्हियातल्या मारिबोरच्या झोरा यान्झेकोविच या बाईंनी, वाट न बघता मेलेली कातडी लवकर थर-थर काढून वर लगेच ग्राफ्ट, म्हणजे पेशंटचीच दुसरीकडची चांगली कातडी, लावायचं, 1970 मध्ये त्यांनी ते छापलं.

आता आयसीयूत सेंट्रल लाइन (मोठ्या शिरेत घातलेली नळी), कॅथेटर (लघवीची नळी), व्हेंटिलेटर लागतात, जीव त्यांच्यावरच असतो आणि जंतू पण तिथूनच शिरतात, ॲसिनेटोबॅक्टर, क्लेबसिएला, कधी कॅन्डिडा बुरशी. भाजलेल्याला ताप आणि धडधड तशीही असतेच, त्यावरून इन्फेक्शन ओळखता येत नाही, म्हणून ब्लड कल्चर, म्हणजे रक्तात जंतू वाढतात का ते बघायची तपासणी, पुन्हा पुन्हा पाठवतात.

आणि जखम झाकायला पेशंटची स्वतःची कातडी उरलीच नसेल तर दान केलेली लागते. मुंबईत सायन हॉस्पिटलमध्ये 2000 पासून स्किन बँक आहे. त्वचादान मृत्यूनंतर साधारण 6 तासांत करावं लागतं, ब्लड ग्रुप जुळवावा लागत नाही.