सापांची साथ: पिंजऱ्यातल्या व्हायरसची मागची गोष्ट

कोकणात साप म्हटलं की फुरसं, घोणस, नाग, मण्यार आणि चावला तर काय करायचं एवढंच बोलणं होतं. साप स्वतः आजारी पडतो आणि शेजारच्या पेटीतल्या सापालाही तो आजार लागतो, हे कुणाच्या फारसं डोक्यात येत नाही. पण आता रत्नागिरी-सिंधुदुर्गात गावोगावी सर्पमित्र आहेत, आणि मुंबई विमानतळावर बँकॉकहून लपवून आणलेले बॉल पायथन, म्हणजे पाळायला विकले जाणारे आफ्रिकेतले छोटे अजगर, पकडले जातायत (डिसेंबर 2023 ला तर बिस्किट-केकच्या पाकिटांतून आणले होते), म्हणून हे जरा पहिल्यापासून सांगतो.

1972 ला स्वित्झर्लंडमधल्या एका सर्पालयात फेर-द-लान्स नावाचे दक्षिण अमेरिकेतले विषारी साप, म्हणजे आपल्या चापड्याचे लांबचे भाऊबंद, एकामागून एक मरायला लागले, अंग लुळं पडायचं, तोंड उघडं ठेवून श्वास घ्यायचे आणि संपायचे. त्यातून जो व्हायरस मिळाला तो गोवर आणि गालगुंडाच्या व्हायरसच्या कुळातला निघाला, आज त्या गटाला त्या सापावरूनच फेरलाव्हायरस म्हणतात.

खरी डोकेदुखी मात्र बोआ (अजगरासारखेच बिनविषारी, विळखा घालणारे परदेशी साप) आणि अजगरांची. 1970 च्या दशकापासून पाळलेले बोआ खाल्लेलं उलटून टाकायचे, मान वर वळवून आढ्याकडे बघत बसायचे, नीट सरपटता यायचं नाही. मायक्रोस्कोपखाली पेशींत गोळे दिसायचे म्हणून इन्क्लुजन बॉडी डिसीज असं नाव पडलं, पण कारण काही तीसेक वर्षं सापडेना. सॅन फ्रान्सिस्कोच्या एका मत्स्यालयात साथ आली तेव्हा तिथल्या विद्यापीठातल्या लोकांनी आजारी सापांतलं सगळं जनुकीय साहित्य वाचून काढलं आणि 2012 ला एरिनाव्हायरस हाती लागला, आफ्रिकेतल्या लासा तापाच्या व्हायरसचा नातेवाईक, आणि गंमत म्हणजे त्याच्या बाहेरच्या आवरणावरचं प्रोटीन इबोलाच्या जवळचं! माणसाला हा झाल्याची नोंद नाही, उगाच घाबरू नका.

यात सगळ्यात वाईट गोष्ट ही की बोआ हा व्हायरस अंगात घेऊन वर्षानुवर्षं ठणठणीत दिसू शकतो, अजगर मात्र पटकन मरतो. म्हणजे तब्येत बघून साप निवडण्यात काही अर्थच नाही. आईकडून पिल्लांतही जातो, आणि सापाच्या अंगावर रक्त पिणाऱ्या बारीक काळ्या माइट्सवरही (गोचिडीसारखे जीव) संशय आहे. पुढे 2014 ला बॉल पायथनच्या न्यूमोनियामागे निडोव्हायरस सापडला, कोरोना ज्या गणातला त्याच गणातला.

बघा, यातलं प्रत्येक प्रकरण कोंडलेल्या सापांत उघड झालंय. वेगवेगळ्या देशांतले साप एका खोलीत, साप उचलायचा तोच हुक, तीच पाण्याची भांडी आणि नवा आला की लगेच जुन्यांच्या बाजूला. जंगलात एवढी गर्दी होतच नाही.

आपल्याकडे 1972 च्या वन्यजीव कायद्यामुळे देशी साप घरी ठेवता येत नाहीत, त्यामुळे सर्पमित्राचा प्रश्न वेगळा आहे. पावसात एका दिवसात चार कॉल येतात, धामण ज्या पिशवीत घातली त्याच पिशवीत संध्याकाळी घोणस, आणि दोघांनाही रानात सोडायचं. माझ्या मते धोका असेल तर इथेच आहे, कारण सोडलेल्या सापामागे कुणी जात नाही. प्रत्येक सापाला वेगळी पिशवी, ती साबणाने धुवून कडक उन्हात वाळवायची, हुक पुसायचा आणि फॉरेस्टला कळवून त्याच दिवशी सोडायचा. या व्हायरसवर औषध नाही, लसही नाही.