ब्लाउज साडीतलाच की वेगळा? एका जुन्या वादाची पार्श्वभूमी

लग्नसराई जवळ आली की नाशिकमध्ये मेन रोडपासून कॉलेज रोडपर्यंत शिवणाऱ्यांपुढे तोच प्रश्न येतो: पैठणीतला ब्लाउज पीस कापायचा, की दुसऱ्या कापडाचा शिवायचा? बोटनेक की मटका गळा, कोपरापर्यंत बाही की फुग्याची, हे सगळं त्यानंतर. वेगळ्या रंगाचा ब्लाउज म्हणजे आजकालचं खूळ, असं घरातल्या थोरल्या बायका म्हणतात. खरं तर खूळ म्हणायचंच असेल, तर ते साडीतल्या ब्लाउजला म्हणावं.

नऊवारी लुगडं आणि गाठीची चोळी होती तेव्हा चोळी खणाची असायची. खण म्हणजे चोळीपुरतं काठाचं कापड, कर्नाटकातल्या गुळेदगुड्डकडचं, त्याचे काठ त्याचे स्वतःचे. हिरव्या लुगड्यावर जांभळा खण घालणाऱ्या बाईला आपण 'कॉन्ट्रास्ट' करतोय हे ठाऊकही नव्हतं. पुढे बटणांचं पोलकं आलं, झंपर आला (हा शब्द इंग्रजी जंपरचा), पाचवारी साडी रुळली आणि चोळीची गाठ सुटली ती सुटलीच.

मग टू बाय टू रुबियाचे, म्हणजे ब्लाउजसाठीच्या एकरंगी सुती कापडाचे दिवस. साडीची घडी पिशवीत घालून मॅचिंग सेंटरमध्ये जायचं, दुकानदार तागे काढून साडीवर टाकणार, आणि ट्यूबलाइटवर विश्वास नाही म्हणून तागा घेऊन दाराबाहेर उन्हात यायचं. रंग जुळला पाहिजे हा हट्ट या दिवसांतला आहे, पण कापड तेव्हाही वेगळंच होतं.

साडीतच ब्लाउज हा प्रकार त्यानंतर रुळला. त्याच ताण्यावर (मागावरच्या उभ्या धाग्यांवर) साडीपुढे आणखी थोडं विणलं की झालं: साडेपाच मीटर साडी, त्यापुढे साधारण 80 सेंटिमीटर पीस. काठ आपोआप जुळतात, दोन कडांच्या काठांतून दोन बाह्या निघतात. सोय मोठी. पण 80 सेंटिमीटरमध्ये लांब बाही आणि भरलेलं अंग दोन्ही बसत नाही. मग काखेत जोड येतो, आणि शिवणीत माया, म्हणजे पुढे उसवून सैल करण्यापुरतं जास्तीचं कापड, ठेवायला जागाच उरत नाही. येवल्याहून हौसेनं आणलेली पैठणी पुढे लेकीकडे किंवा सुनेकडे जाते, ब्लाउज मात्र कपाटातच राहतो. न कापावं, तर कमरेशी नको तेवढा घोळ खोचावा लागतो. माझं मत विचाराल तर घोळ परवडला.

या वादात गोंधळ घालतो तो 'ब्लाउज पीस' हा शब्दच. तो दोन वस्तूंना चिकटला आहे. एक साडीच्या टोकाचा तुकडा, आणि दुसरा ओटीतला. ओटीत पूर्वी खण असे. पाडव्याच्या गुढीला अजूनही खण लागतो. ओटीतल्या खणाची जागा पुढे मीटरभर स्वस्त कापडानं घेतली आणि त्यालाही ब्लाउज पीसच म्हणू लागले. हा पीस सहसा शिवला जात नाही. तो एका हळदीकुंकवातून दुसऱ्या हळदीकुंकवात फिरतो, कधी कधी मूळ मालकिणीकडे परततो. साहजिकच 'साडीवर ब्लाउज पीस आहे का?' या साध्या प्रश्नावर दुकानात दोन पिढ्या दोन वेगळ्या गोष्टींबद्दल बोलत असतात.

गेल्या दहाएक वर्षांत आरी वर्क, पाठीवर भरलेला मोर, लटकन, आत कप अन् अस्तर, असं करत शिलाई कधी कधी कापडाच्या वर जाऊ लागली. एवढा खर्च करून शिवलेला ब्लाउज चार साड्यांवर चालावा, असं बायकांना वाटणारच. म्हणून ब्रोकेड आला, सोनेरी-तांबडा असा सगळ्यांवर जाणारा रंग आला आणि कापड पुन्हा साडीपासून वेगळं झालं. खणाचं तर उलटंच झालं. आता खणाची अख्खी साडी मिळते, आणि तिच्यावर ब्लाउज शिवतात तो पैठणीच्या काठांचा.