शॉनचा मुलगा जोन्स

शाळेत वर्तुळाचा परीघ काढताना जे 'पाय' चिन्ह आपण वापरलं, ते प्राचीन ग्रीकांनीच ठरवलं असेल अशी माझी कित्येक वर्षं समजूत होती. अक्षर ग्रीक आहे, म्हणून. प्रत्यक्षात परीघ आणि व्यास यांच्या गुणोत्तरासाठी हे अक्षर पहिल्यांदा छापलं गेलं १७०६ साली, इंग्लंडमध्ये निघालेल्या गणिताच्या एका पुस्तकात. लेखकाचं नाव विल्यम जोन्स. वेल्सच्या वायव्य टोकाला अँगलसी नावाचं बेट आहे, तिथे १६७५ साली एका साध्या शेतकऱ्याच्या घरी तो जन्मला. आरमाराच्या जहाजांवर गणित शिकवत फिरला, लंडनला स्थिरावला आणि न्यूटन व हॅली यांच्या बैठकीत जाऊन बसला. पुढे ऑयलर या थोर गणितज्ञाने 'पाय' उचलला आणि तो जगभर झाला.

विल्यमच्या वडिलांचं नाव मात्र शॉन शोर होतं. त्यात जोन्स कुठेच नाही. शॉन म्हणजे जॉनचं वेल्श रूप. शॉनचा मुलगा म्हणून विल्यमच्या नावापुढे इंग्रजी वळणाचं 'जोन्स' लागलं. आता पुढची पिढी पाहा. या विल्यमला १७४६ साली लंडनमध्ये मुलगा झाला, त्याचंही नाव विल्यमच ठेवलं. जुन्या वेल्श रीतीने तो 'विल्यम्स' व्हायला हवा होता. तसं झालं नाही, तो जोन्सच राहिला. आजोबांचं नाव नातवाला आडनाव म्हणून कायमचं चिकटलं.

एवढ्या दोन पिढ्यांत जोन्स या आडनावाचं सगळं गुपित आहे. नदीचं पाणी एखाद्या थंडीत गोठावं तसं बापाचं नाव एका पिढीत गोठलं. त्या वेळी ज्याचा बाप जॉन होता तो जोन्स झाला, बाप डेव्हिड होता तो डेव्हिस, विल्यम होता तो विल्यम्स. गोठण एक पिढी आधी किंवा नंतर झाली असती, तर तीच माणसं आज वेगळ्या आडनावांनी वावरली असती.

ही जुनी रीत मराठी माणसाला पटकन कळेल, कारण आपण आजही स्वतःच्या नावापुढे वडिलांचं नाव लावतो. वेल्समध्ये फक्त तेवढंच होतं, त्यापुढे आडनाव नव्हतं. मधे 'आप' हा शब्द यायचा, अर्थ 'चा मुलगा'. ग्रिफिथचा मुलगा रीस असेल तर 'रीस आप ग्रिफिथ'. मुलीसाठी 'वेर्ख', म्हणजे 'ची मुलगी', आणि लग्नानंतरही बाई बापाच्याच नावाने ओळखली जायची. प्रतिष्ठित माणूस ही साखळी चार-पाच पिढ्या मागे नेऊन सांगत असे. यात मिरवण्याचा भाग होताच, पण कायद्याचाही होता. जुन्या वेल्श कायद्यात जमिनीचे वाटे भाऊबंदांत पडायचे, आणि खून झाला तर भरपाई एकट्या खुन्याने नव्हे, त्याच्या लांबलांबच्या भाऊबंदांनीही द्यायची असे. आपण कोणाचे कोण, हे माहीत नसणं परवडणारं नव्हतं. वंशावळ पाठ असणं हीच ओळख होती.

आठव्या हेन्रीच्या काळात, १५३६ आणि १५४३ च्या कायद्यांनी वेल्सला इंग्लंडच्या कायद्याखाली आणलं. न्यायालयाची भाषा इंग्रजी झाली. कारकुनाला लांबलचक साखळी नको होती. बापाचं आणि मुलाचं एकच आडनाव हवं होतं, म्हणजे दस्तऐवज जुळतात. आधी जमीनदारांनी हे स्वीकारलं, मग व्यापाऱ्यांनी. डोंगरातल्या खेड्यांत बापाचं नाव लावण्याची रीत एकोणिसाव्या शतकापर्यंत चालू होती. म्हणजे गोठण एका रात्रीत झाली नाही. ती जवळजवळ तीनशे वर्षं सरकत गेली, खोऱ्यामागून खोऱ्यात, घरामागून घरात. विल्यम जोन्सच्या घरी ती अठराव्या शतकात पोचली.

या बदलात भाषेचंही बरंच काही घडलं. पारंपरिक वेल्श वर्णमालेत इंग्रजी 'जे' हे अक्षरच नव्हतं. ते उसन्या शब्दांसाठी अलीकडे स्वीकारलं गेलं. वेल्समधलं सगळ्यात जास्त आढळणारं आडनाव अशा अक्षराने सुरू होतं, जे त्या भाषेच्या जुन्या पाटीवर नाही! जॉन या एका नावाची वेल्श रूपंही अनेक: शॉन, योआन, इव्हान. त्यामुळे इव्हानपासून झालेले इव्हान्स, 'आब इव्हान'पासून झालेले बेव्हन आणि शॉनपासून झालेले जोन्स ही अर्थाने एकाच नावाची भावंडं. 'आप'मधला 'प' तर अनेक आडनावांत लपून बसला आहे. आप रीसचं झालं प्राइस, आप ह्यूचं प्यू, आप हॅरीचं पॅरी, आप रिचर्डचं प्रिचर्ड. पावेल, बोवेन, प्रोबर्ट, सगळीकडे तोच 'चा मुलगा' दडलेला आहे. मला ही यादी वाचताना नेहमी शिंपल्यांचे ठसे असलेला दगड आठवतो. जिवंत व्याकरण संपलं, ठसा राहिला.

आता आकड्यांकडे येऊ. १८५३ साली इंग्लंड-वेल्सच्या जन्ममृत्यू नोंदणी खात्याने आडनावांची मोजदाद केली, तेव्हा स्मिथ अंदाजे २ लाख ५३ हजार ६०० निघाले आणि जोन्स २ लाख ४२ हजार १००. म्हणजे ७३ माणसांत एक स्मिथ, ७६ माणसांत एक जोन्स. यात वेल्सची लोकसंख्या इंग्लंडच्या तुलनेत किती लहान, हे लक्षात घेतलं की तिथल्या जोन्सांची दाटी कळते. त्याच अहवालात असं नोंदवलं होतं की वेल्सच्या बाजारपेठेत 'जॉन जोन्स' अशी हाक मारली, तर ती कोणा एकाला उद्देशून आहे असं कुणालाच वाटणार नाही. या शतकातल्या एका पाहणीत वेल्सच्या लोकसंख्येत जोन्स सुमारे ५.७५ टक्के निघाले. ३ नोव्हेंबर २००६ रोजी कार्डिफच्या एका नाट्यगृहात १,२२४ जोन्स एकत्र जमले आणि एकाच आडनावाच्या माणसांच्या मेळाव्याचा तेव्हाचा विश्वविक्रम झाला.

एखादं आडनाव एवढं का फोफावतं? आडनावांच्या वाढीचं गणित १८७४ साली फ्रान्सिस गाल्टन आणि हेन्री वॉटसन यांनी मांडलं. प्रश्न घराणी नामशेष का होतात हा होता. समजा आडनाव फक्त मुलाकडून पुढे जातं. एखाद्याला तीन मुलगे, एखाद्याला एक, एखाद्याला एकही नाही. सरासरी एका बापामागे एकच मुलगा असेल, तर एका पुरुषापासून सुरू झालेलं कुठलंही आडनाव कधी ना कधी विझणारच, हे गणिताने सिद्ध होतं. काही आधी विझतात आणि जी तगतात ती, केवळ नशिबाने, मोठी होत जातात. आज हेच गणित साथीच्या रोगांपासून अणुविखंडनाच्या साखळीपर्यंत वापरलं जातं.

पण जोन्सना हे गणित पुरतं लागू होत नाही, आणि मला तेच महत्त्वाचं वाटतं. जोन्स एका पुरुषापासून निघालेच नाहीत. गोठणीच्या काळात वेल्समध्ये पुरुषांना ठेवायची नावं मोजकीच उरली होती. इंग्रजी आणि धार्मिक नावांनी जुनी वेल्श नावं मागे सारली होती, आणि त्या मोजक्यांत जॉन सर्वांत पुढे. म्हणून एकमेकांशी काहीही संबंध नसलेल्या हजारो घरांत जोन्स हे आडनाव स्वतंत्रपणे जन्मलं. शेकडो झरे विझले तरी बाकीचे वाहत राहिले.

याची खातरजमा जनुकांतून करता येते. वाय गुणसूत्र आडनावासारखंच बापाकडून मुलाकडे जातं. लेस्टर विद्यापीठातल्या ट्युरी किंग आणि मार्क जॉबलिंग यांनी २००९ साली ४० ब्रिटिश आडनावांच्या १,६७८ पुरुषांची वाय गुणसूत्रं तपासली. अॅटनबरोसारख्या दुर्मीळ आडनावाच्या बहुतेक पुरुषांचं गुणसूत्र एकमेकांशी जुळलं, म्हणजे मूळ पुरुष एक. स्मिथांची गुणसूत्रं मात्र रस्त्यावरून कोणीही माणसं उचलावीत इतकी वेगवेगळी होती. आडनाव जितकं सामान्य, तितकं ते रक्ताबद्दल कमी सांगतं. हे चार्ल्स डार्विनचा मुलगा जॉर्ज डार्विन यालाही ठाऊक होतं. चुलत-मावस भावंडांची लग्नं किती होतात हे शोधण्यासाठी १८७५ मध्ये त्याने नवरा-नवरीचं आडनाव लग्नाआधीच एक असलेली लग्नं मोजली. (त्याचे स्वतःचे आईवडील आतेमामे भावंडं होते, त्यामुळे हा प्रश्न त्याच्या घरचाच.) पण योगायोगाने स्मिथला स्मिथ आणि जोन्सला जोन्स भेटणारच, म्हणून तेवढा भाग त्याला हिशेबातून वजा करावा लागला.

ज्या आडनावाने माणूस ओळखताच येत नाही, त्याचं लोक काय करतात? वेल्सच्या खेड्यांनी धंदा जोडला: दूधवाला जोन्स, टपालवाला जोन्स, पाववाला जोन्स. शेताचं किंवा घराचं नाव जोडलं. कवींनी तर जोन्स टाकूनच दिलं. वेल्श कवी एक खास काव्यनाव घेतात. जॅक ग्लान-अ-गोर्स, तेगिद आणि ताल्हायार्न हे तीन कवी, तिघांचंही खरं नाव जॉन जोन्स! यातलं पहिलं नाव शेताचं, दुसरं बाला गावाजवळच्या तळ्याचं, तिसरं जन्मगावाचं. बापाच्या नावाने ओळख पुसली गेली, तेव्हा ते गावाकडे वळले. सावरकर, मंगेशकर, पाटणकर म्हणणाऱ्या आपल्याला याचं नवल वाटू नये.

सैन्याने मात्र आकडे वापरले. जानेवारी १८७९ मध्ये दक्षिण आफ्रिकेत रोर्क्स ड्रिफ्टच्या लढाईत जळत्या रुग्णालयातून रुग्णांना बाहेर काढणाऱ्या दोन शिपायांना व्हिक्टोरिया क्रॉस मिळाला. एक विल्यम जोन्स, दुसरा रॉबर्ट जोन्स. पलटणीत ते '५९३ जोन्स' आणि '७१६ जोन्स' होते, आणि इतिहासाच्या पुस्तकांतही त्यांची नावं या आकड्यांसकट येतात.

कलाकारांचे मार्ग दोन्ही दिशांनी गेले. लंडनमध्ये जन्मलेल्या डेव्हिड जोन्स या गायकाला त्याच नावाचा दुसरा गायक आधीच प्रसिद्ध असल्यामुळे आडनाव बदलावं लागलं. जग त्याला डेव्हिड बोवी म्हणून ओळखतं. उलट पॉन्टिप्रिड्डच्या थॉमस वुडवर्डने टॉम जोन्स हे नाव घेतलं. जोन्स हे त्याच्या आईचं माहेरचं आडनाव होतं.

वेल्सबाहेर हे आडनाव कुठे कुठे गेलं, ते सांगताना एका जागी थांबावंच लागतं. अमेरिकेच्या २०१० च्या जनगणनेत जोन्स पाचव्या क्रमांकावर आहे, १४ लाखांहून अधिक माणसं. त्यांतली एक तृतीयांशाहून जास्त कृष्णवर्णीय. गुलामगिरीतून सुटलेल्या माणसांना नोंदीसाठी आडनाव हवं होतं. कोणी मालकाचं लावलं, कोणी आधीच्या मालकाचं, कोणी आपल्या मनाचं निवडलं. क्विन्सी जोन्स या संगीतकाराच्या आडनावातला 'बापाचं नाव' हा अर्थ अशा वाटेने आला, जिथे खऱ्या बापांची नावं हिरावून घेतली गेली होती. अर्जेंटिनातल्या पॅटागोनियात १८६५ साली वेल्श वसाहत झाली, आणि तिथल्या ट्रेलू शहराचं नाव लुईस जोन्स याच्यावरून पडलं. तिथे मात्र आडनाव गळून 'लू' तेवढा उरला.

आणि मेघालय. २२ जून १८४१ रोजी थॉमस जोन्स नावाचा वेल्श मिशनरी सोहरा, म्हणजे चेरापुंजी इथे पोचला. आधी खासी भाषा बंगाली लिपीत लिहिण्याचा प्रयत्न झाला होता. त्याने रोमन अक्षरं वापरली आणि बसवताना आपल्या वेल्श वर्णमालेचा साचा घेतला. म्हणून खासी वर्णमालेत आजही 'जी'नंतर 'एनजी' हे जोडअक्षर स्वतंत्र अक्षर म्हणून येतं, वेल्शसारखं. खासीला 'ज' हा उच्चार हवा होता, तेव्हा 'जे' हे अक्षरही आत आलं. बापाच्या नावावरून आडनाव पडलेला हा माणूस अशा समाजात राहिला, जिथे मुलं आईचं कूळ लावतात. मेघालय सरकार २२ जून हा दिवस त्याच्या नावाने पाळतं.

थॉमस १८४९ मध्ये कलकत्त्यात वारला. त्याच शहरात पंचावन्न वर्षं आधी आणखी एक जोन्स दफन झाला होता: 'पाय'वाल्या विल्यमचा मुलगा, सर विल्यम जोन्स. तो तीन वर्षांचा असतानाच वडील गेले. न्यायाधीश म्हणून १७८३ मध्ये तो कलकत्त्याला आला, पुढच्या वर्षी एशियाटिक सोसायटी स्थापन केली, 'शाकुंतल' इंग्रजीत आणलं. २ फेब्रुवारी १७८६ च्या व्याख्यानात त्याने संस्कृत, ग्रीक आणि लॅटिन यांचं मूळ एकच असावं असं मांडलं. हे सर्वांना माहीत असतं. त्याच परिच्छेदात त्याने केल्टिक भाषाही बहुधा त्याच मुळाच्या असाव्यात असं म्हटलं होतं, ते कमी सांगितलं जातं. वेल्श ही केल्टिक भाषा. तो अनेक भाषा शिकला, पण आजोबा शॉन शोर यांची भाषा त्याला येत नव्हती, असा किस्सा सांगतात.

त्याचा अंदाज पुढच्या शतकात भाषाशास्त्रज्ञांनी पक्का केला. वेल्शमध्ये तीनला 'त्री' म्हणतात, सातला 'साइथ', नऊला 'नाउ', दहाला 'देग'. आणि नाव या अर्थाचा वेल्श शब्द आहे 'एनू'. तो आणि आपला 'नाव' हा शब्द, दोघांचं मूळ एकच.