नवा फोन आणि जुनी उपकरणे : ब्लूटूथ जुळत नसल्यास काय करावे

आमच्या ग्राहकांसाठी माहितीपत्रक

नवा फोन घरी नेल्यानंतर पहिल्या काही दिवसांत ग्राहक ज्या तक्रारी घेऊन दुकानात परत येतात, त्यांत ब्लूटूथची तक्रार नेहमीच असते. जुन्या फोनवर विनातक्रार चालणारे इअरबड्स नव्या फोनच्या यादीत दिसत नाहीत, गाडीतील म्युझिक सिस्टम फोन स्वीकारत नाही, मनगटावरचे घड्याळ जोडणीच्या पहिल्याच पायरीवर अडकून राहते, आणि मग नवा फोनच सदोष असावा अशी शंका येते. ही शंका बहुतेक वेळा खरी ठरत नाही. फोनमधील ब्लूटूथचा भाग खरोखर बिघडला असेल, तर तो सहसा कोणत्याच उपकरणाशी नीट जुळत नाही. एका उपकरणाशी जुळतो आणि दुसऱ्याशी जुळत नाही अशी स्थिती असेल, तर अडचण बहुधा जोडणीच्या जुन्या नोंदींत असते आणि ती घरच्या घरी सोडवता येते.

जोडणीची नोंद दोन्हीकडे असते

दोन उपकरणे पहिल्यांदा एकमेकांशी जोडली जातात, म्हणजेच त्यांचे पेअरिंग होते, तेव्हा ती मिळून एक सांकेतिक किल्ली तयार करतात आणि तिची नोंद आपापल्या स्मृतीत जपून ठेवतात. पुढच्या वेळी ती जवळ आली की या नोंदी ताडून पाहिल्या जातात आणि त्या जुळल्या तर जोडणी आपोआप होते. जुन्या फोनमधले फोटो, संपर्क क्रमांक, ॲप्स आणि व्हॉट्सॲपचे संदेश नव्या फोनवर उतरवून घेतले, तरी या किल्ल्या सहसा त्यांच्यासोबत येत नाहीत. ॲपलच्या एकाच खात्यावरील एअरपॉड्स नव्या आयफोनवर आपोआप दिसतात, तशी सोय काही कंपन्यांनी आपापल्या इअरबड्सपुरती केलेली आहे, परंतु गाडी, स्पीकर, प्रिंटर यांच्या बाबतीत नव्या फोनशी पेअरिंग नव्यानेच करावे लागते, असे गृहीत धरून चालावे.

खरी गुंतागुंत होते ती अर्धवट पुसलेल्या नोंदीमुळे. जोडणी होत नाही असे दिसताच आपण फोनच्या यादीतून त्या उपकरणाचे नाव काढून टाकतो, पण त्या उपकरणाच्या स्मृतीत आपल्या फोनची जुनी किल्ली तशीच राहू शकते. फोन रीसेट केल्यानंतर किंवा दुरुस्तीत त्याचा बोर्ड बदलल्यानंतरही असेच घडू शकते. अशा वेळी पिन किंवा पासकी चुकीची असल्याचा संदेश पडद्यावर येतो आणि ग्राहक बुचकळ्यात पडतो, कारण त्याच्याकडे कोणी पिन मागितलेलाच नसतो. हा संदेश दिसला की पिन शोधत बसू नये. फोनमध्ये त्या उपकरणाच्या नावापुढील चिन्ह दाबून ‘फरगेट’ किंवा ‘अनपेअर’ निवडावे, त्या उपकरणातील जुनी यादीही पुसावी, दोन्ही उपकरणे बंद करून पुन्हा सुरू करावीत आणि मगच नव्याने पेअरिंग करावे. या पत्रकातील एकच गोष्ट लक्षात ठेवायची असेल तर ती ही ठेवावी, की नोंद पुसायची ती दोन्हीकडची.

आधी जुना फोन पाहावा

जुना फोन अनेकदा घरातच असतो. तो मुलांना खेळायला दिलेला असतो किंवा आईवडिलांकडे गेलेला असतो, आणि त्याचे ब्लूटूथ चालूच राहते. इअरबड्सची डबी उघडली की ते आधी शेवटच्या ओळखीच्या फोनला शोधतात, आणि तो पलीकडच्या खोलीत असला तरी त्यालाच जाऊन जोडले जातात. ज्या इअरबड्सना एका वेळी एकच फोन चालतो, ते मग नव्या फोनच्या यादीत येत नाहीत किंवा आले तरी जोडले जात नाहीत. म्हणून पेअरिंग करण्यापूर्वी जुन्या फोनचे आणि घरातील टॅब, लॅपटॉप, टीव्ही यांचेही ब्लूटूथ बंद करावे. आयफोनवर वरून खाली ओढायच्या कंट्रोल सेंटरमधील ब्लूटूथचे चिन्ह दाबल्याने ते पूर्ण बंद होत नाही, फक्त चालू जोडण्या तात्पुरत्या तुटतात. पूर्ण बंद करायचे असेल तर सेटिंग्जमध्ये जाऊनच करावे.

उपकरण चालू असणे आणि पेअरिंग मोडमध्ये असणे या दोन वेगळ्या स्थिती आहेत

बहुसंख्य उपकरणे चालू केली की केवळ ओळखीच्या फोनची वाट पाहतात आणि अनोळखी फोनला स्वतःचे नाव दाखवत नाहीत. ते नाव दिसावे म्हणून त्यांना मुद्दाम पेअरिंग मोडमध्ये न्यावे लागते. इअरबड्सच्या बाबतीत सर्वसाधारण पद्धत अशी असते : दोन्ही बड्स डबीत ठेवावेत, झाकण उघडेच ठेवावे, आणि डबीवरील बटण काही सेकंद दाबून धरावे. दिवा स्थिर न राहता भराभर लुकलुकू लागला, किंवा एका रंगाऐवजी दोन रंग आळीपाळीने दाखवू लागला, की बोट काढावे. बोट लवकर काढल्यास पेअरिंग सुरूच होत नाही आणि काही मॉडेल्समध्ये फार वेळ दाबून धरल्यास सगळ्याच नोंदी पुसल्या जातात, त्यामुळे खोक्यातील छोटी पुस्तिका एकदा पाहून घेणे हिताचे असते. डबीवर बटण नसेल तर बड्सच्या बाहेरील स्पर्शपट्ट्यांवर बोटे ठेवून हेच करावे लागते. या साऱ्या वेळात डबीची बॅटरी पुरेशी भरलेली असावी, कारण बॅटरी अगदी तळाला गेली की पेअरिंग मध्येच तुटू शकते.

फोनच्या बाजूनेही एक गोष्ट सांभाळावी लागते. फोन इतरांना सहसा तेव्हाच दिसतो, जेव्हा त्याचे ब्लूटूथ सेटिंग्जचे पान पडद्यावर उघडे असते. ते पान मिटून आपण गाडीच्या पडद्यावर फोनचे नाव शोधू लागलो, तर ते तिथे सापडत नाही.

गाडीतील म्युझिक सिस्टम

गाडीच्या सिस्टमला ठरावीक संख्येइतकेच फोन लक्षात ठेवता येतात. ती यादी भरली की काही सिस्टम तसे स्पष्ट सांगतात आणि काही नुसताच नकार देतात. जुनी गाडी विकत घेतली असेल तर आधीच्या मालकाचे आणि त्याच्या कुटुंबाचे फोनही त्या यादीत असू शकतात. नको असलेली सर्व नावे पुसून टाकावीत. गाडी विकताना तर ही यादी आठवणीने पुसावी, कारण तिच्यासोबत तुमचे संपर्क क्रमांकही सिस्टममध्ये उतरलेले असू शकतात. अनेक गाड्यांत पेअरिंग गाडी उभी असतानाच होते आणि ते योग्यच आहे. गाणी वाजतात पण संपर्कांची यादी दिसत नाही, अशी तक्रार असेल तर पेअरिंगच्या वेळी फोनवर आलेली संपर्क वापरण्याची परवानगी नाकारली गेलेली असते. फोनमध्ये गाडीच्या नावापुढील सेटिंग उघडून ती परवानगी नंतरही देता येते.

घड्याळे आणि आरोग्याची उपकरणे

स्मार्ट घड्याळ, फिटनेस पट्टा, रक्तदाबमापक किंवा ग्लुकोमीटर ही उपकरणे फोनच्या ब्लूटूथ यादीतून थेट जोडण्याचा प्रयत्न सहसा करू नये, कारण ती त्यांच्या कंपनीच्या ॲपमधूनच जोडली जावीत अशी रचना असते. यादीतून आधीच जोडून ठेवली असतील, तर ॲपला ती सापडत नाहीत असेही होते. अशा वेळी नाव यादीतून काढून ॲपमधून पुन्हा सुरुवात करावी. अँड्रॉइड १२ पासून अशा ॲपला जवळपासची उपकरणे शोधण्याची वेगळी परवानगी द्यावी लागते. त्याआधीच्या अँड्रॉइडमध्ये यासाठी लोकेशनची परवानगी लागते आणि बऱ्याचदा लोकेशन चालूही ठेवावे लागते. ब्लूटूथच्या कामासाठी लोकेशन कशाला, असे वाटून पुष्कळ ग्राहक ती परवानगी नाकारतात आणि घड्याळ सापडत नाही. ॲपल वॉच बदलायचे असेल तर ते आधी जुन्या आयफोनवरून अनपेअर करावे, म्हणजे त्यातील माहितीची प्रत आपोआप त्या आयफोनवर ठेवली जाते. हे घड्याळ अँड्रॉइड फोनला जोडता येत नाही, याची आयफोन सोडून अँड्रॉइड घेणाऱ्या ग्राहकांनी खरेदीपूर्वीच नोंद घ्यावी.

श्रवणयंत्रांबाबत आम्ही थोडे सविस्तर लिहीत आहोत, कारण इथे अडचण आली तर माणसाचे बोलणे-ऐकणेच अडते. श्रवणयंत्राला बहुधा वेगळे पेअरिंग बटण नसते. बॅटरीचे दार उघडून पुन्हा बंद केले, किंवा चार्ज होणारे यंत्र असल्यास ते बंद करून पुन्हा सुरू केले, की पुढची काही मिनिटेच ते नव्या फोनला दिसते. तेवढ्या वेळात दोन्ही कानांची यंत्रे जोडून व्हायला हवीत. म्हणून आधी फोनवर ब्लूटूथचे पान उघडून ठेवावे, यंत्रे फोनशेजारी टेबलावर ठेवावीत आणि मगच दारे बंद करावीत. वयस्कर व्यक्तीचे यंत्र असेल तर हे काम घरातील दुसऱ्याने करणे सोयीचे, कारण यंत्र काढल्यावर त्यांना आपल्या सूचना नीट ऐकू येत नाहीत. नवा फोन घेण्याआधीच तो श्रवणयंत्राच्या कंपनीच्या सुसंगत फोनांच्या यादीत आहे का, हे पाहावे. काही यंत्रे कोणत्याही फोनशी चालतात, काही खास आयफोनसाठी बनवलेली असतात, आणि अँड्रॉइडमध्ये यंत्रात थेट आवाज पोहोचवण्याची सोय अँड्रॉइड १० पासून आली असली तरी ती प्रत्येक फोनमध्ये असतेच असे नाही. खरेदीच्या वेळी यंत्राचे मॉडेल सांगितल्यास ही तपासणी आम्ही करून देतो, आणि फोन जुळणारा नसेल तर तो घेऊ नका असेच सांगतो.

दुकानदार ग्राहकांसाठी

पावती छापणारे छोटे थर्मल प्रिंटर आजही पिन मागतात आणि तो बहुधा ०००० किंवा १२३४ असतो. पेअरिंग झाल्यावर यादीत प्रिंटर जोडलेला दिसत नाही म्हणून घाबरू नये, कारण बिलिंगच्या ॲपमध्ये प्रिंटर निवडून छापण्याचा आदेश दिल्यावरच तो जोडला जातो. मात्र अँड्रॉइडवर चालणारे असे कित्येक प्रिंटर आयफोनवर चालत नाहीत, कारण जुन्या पद्धतीच्या ब्लूटूथने माहिती पाठवण्याची मुभा आयफोन केवळ ॲपलने मान्यता दिलेल्या उपकरणांना देतो. अँड्रॉइड आणि आयफोन यांच्यात ब्लूटूथने फोटो पाठवता येत नाहीत, तोही बिघाड नव्हे.

जोडले गेले, पण आवाज येत नाही

एकाच उपकरणासाठी गाण्यांचा आवाज आणि कॉलचा आवाज यांच्या जोडण्या वेगवेगळ्या असतात. अँड्रॉइडवर उपकरणाच्या नावापुढील चिन्ह दाबले की दोन्हींसाठी स्वतंत्र बटणे दिसतात. त्यातले एखादे बंद असेल तर गाणी ऐकू येतात पण कॉल फोनवरच राहतो, किंवा याच्या उलट होते.

आवाज तुटत असेल तर त्याचे कारण आजूबाजूला शोधावे. ब्लूटूथ २.४ गिगाहर्ट्झच्या पट्ट्यात चालते आणि त्याच पट्ट्यात वायफाय राउटर, मायक्रोवेव्ह ओव्हन हेही असतात. नेहमीचे ब्लूटूथ या पट्ट्यातील ७९ वाहिन्यांवर सेकंदाला १६०० वेळा जागा बदलून गर्दी चुकवते, तरीही राउटरच्या अगदी शेजारी बसल्यास फरक जाणवतो. मानवी शरीरही या लहरी अडवते, त्यामुळे मागच्या खिशातील फोन पुढच्या खिशात ठेवल्यानेही कधी कधी आवाज सुधारतो.

शेवटचा उपाय

एवढे करूनही जुळत नसेल तर फोनच्या सेटिंग्जमधील रीसेटच्या विभागातून वायफाय आणि ब्लूटूथ रीसेट करावे. आयफोनवर हाच पर्याय रीसेट नेटवर्क सेटिंग्ज या नावाने मिळतो. त्याने फोटो किंवा संदेश जात नाहीत, परंतु साठवलेले सर्व वायफाय पासवर्ड पुसले जातात, म्हणून ते आधी लिहून ठेवावेत. संपूर्ण फोन फॅक्टरी रीसेट करण्याचा सल्ला कोणी दिला तर तो मानण्यापूर्वी आमच्याकडे यावे, कारण उपकरणाकडची नोंद त्यानेही पुसली जात नाही.

पेअरिंग करताना दोन्ही पडद्यांवर सहा अंकी क्रमांक आला, तर ते दोन्ही सारखे आहेत हे पाहूनच होकार द्यावा. बसस्थानकावर, रेल्वेत किंवा कोठेही, आपण स्वतः सुरू न केलेल्या पेअरिंगची विचारणा फोनवर आली तर ती नाकारावी.

दुकानात येताना फोनबरोबर जे उपकरण जुळत नाही तेही आणावे. इअरबड्स डबीसह आणि चार्ज करून आणावेत आणि जुना फोन हाताशी असेल तर तोही सोबत घ्यावा. गाडीच्या सिस्टमची तक्रार असल्यास गाडी घेऊन यावे, गाडीत बसून आम्ही ती तपासून देतो. आमच्याकडून घेतलेल्या फोनसाठी या तपासणीचे शुल्क आकारले जात नाही.