पाळत होती हे सिद्ध करा, कागद मात्र मिळणार नाही

अमेरिकेत गुप्तहेर खात्याच्या पाळतीविरुद्ध ज्या केसेस झाल्या त्यातल्या बऱ्याचशा 'हे घटनेत बसतं का' इथपर्यंत पोचल्याच नाहीत, दारातच अडकल्या. याचं मूळ बघायला गेलं तर पाळतीशी संबंधच नाही, विमान अपघात आहे. १९४८ साली जॉर्जियात एक बी-२९ विमान पडलं, मेलेल्या इंजिनिअरांच्या बायकांनी अपघाताचा रिपोर्ट मागितला, हवाईदल म्हणालं गुपित आहे, आणि १९५३ मध्ये सुप्रीम कोर्टाने तो रिपोर्ट स्वतः न वाचताच मान डोलावली. पुढे कित्येक वर्षांनी रिपोर्ट खुला झाला तर त्यात लष्करी गुपित असं काही नव्हतंच, देखभालीतला ढिसाळपणा होता!

पण सरकारने 'गुपित आहे' म्हटलं की कोर्टाने थांबायचं, हा पायंडा पडला तो पडलाच.

मग निक्सनच्या काळातली हेरगिरी बाहेर आली, १९७८ मध्ये हेरगिरीसाठीच्या पाळतीला आवर घालणारा फिसा कायदा झाला, वॉरंट द्यायला वेगळं गुप्त कोर्ट बसलं, तिथे सहसा फक्त सरकारचीच बाजू ऐकतात. आणि ११ सप्टेंबरनंतर बुशने तेही बाजूला ठेवून वॉरंटशिवाय फोन ऐकायला लावले, हे २००५ मध्ये छापून आलं तेव्हा केसेसचा पाऊस पडला. त्यातली अल-हरामैन या इस्लामी धर्मादाय संस्थेची तर कमालच, सरकारनेच चुकून त्यांच्या वकिलांना गुप्त कागद दिला, मग परत घेतला, आणि अपील कोर्ट म्हणालं की आठवणीतूनसुद्धा त्यातलं काही सांगायचं नाही. तोंड दाबून बुक्क्यांचा मार म्हणतात तो हाच.

२००८ मध्ये फिसात बदल करून अशा पाळतीला मुभा देणारा नवा कायदा आला, त्याच दिवशी ॲम्नेस्टी वगैरे मानवी हक्कवाल्या संस्था त्याविरुद्ध कोर्टात गेल्या. फेब्रुवारी २०१३ मध्ये सुप्रीम कोर्टात ५-४ ने निकाल लागला की तुमच्यावर पाळत आहे ही नुसती शंका आहे, म्हणजे आपल्याकडे वकील ज्याला लोकस म्हणतात, केस करायचा हक्क, तोच नाही. चारच महिन्यांत हेरखात्यासाठी काम करणाऱ्या स्नोडेनने गुप्त कागद फोडले, त्यात व्हेरायझन या फोन कंपनीकडून रोजचे कॉल रेकॉर्ड घ्यायचा आदेश होता, आणि नागरी हक्कांसाठी लढणारी एसीएलयू ही संस्था स्वतःच व्हेरायझनचं गिऱ्हाईक असल्यामुळे त्यांना एकदाचा लोकस मिळाला. २०१५ मध्ये अपील कोर्टाने ते सरसकट रेकॉर्ड गोळा करणं बेकायदा ठरवलं. म्हणजे कोर्टाचं दार उघडलं ते चोरून बाहेर आलेल्या कागदाने.

विकिपीडिया चालवणाऱ्या विकिमीडियाचीही पाळतीविरुद्धची केस २०१५ चीच, लोकस मिळाला, पण २०२१ मध्ये पुन्हा तोच १९५३ चा 'गुपित आहे' मुद्दा आडवा आला आणि २०२३ मध्ये सुप्रीम कोर्टाने ऐकायलाच नकार दिला.