मायक्रो-आरएनए आणि एसआय-आरएनए : लांबी सारखी, काम वेगळे

सांगली-मिरज भागात मिश्री आणि तंबाखूमुळे होणारा तोंडाचा कर्करोग अपरिचित नाही. त्यामुळे येथील जीवतंत्रज्ञानाचे विद्यार्थी प्रकल्पासाठी कर्करोगाकडे वळले तर नवल नाही. मात्र तोंडी परीक्षेत मायक्रो-आरएनए आणि एसआय-आरएनए या जनुकांना गप्प करणाऱ्या दोन छोट्या आरएनएंची त्यांच्याकडून हमखास गल्लत होते. तिला कारणही आहे. दोन्ही जेमतेम २१ ते २३ न्यूक्लिओटाइडांचे, म्हणजे आरएनएच्या साखळीतील दुव्यांचे, असतात आणि दोन्ही आर्गोनॉट प्रथिनात बसूनच संदेशवाहक आरएनएला, म्हणजे प्रथिन बनवण्याचा जनुकाचा संदेश नेणाऱ्या आरएनएला, गाठतात.

फरक जुळणीत आहे. मायक्रो-आरएनए पेशीच्या स्वतःच्या जनुकातून निघतो आणि त्याचा दुसऱ्या ते आठव्या न्यूक्लिओटाइडांचा तुकडा लक्ष्याशी जुळला तरी बहुधा पुरते, म्हणून तो एकटा अनेक संदेशांना थोडे थोडे दाबतो. दुपदरी आरएनएपासून बनणारा आणि प्रयोगात बाहेरून पेशीत सोडला जाणारा एसआय-आरएनए मात्र जवळजवळ टोकापासून टोकापर्यंत जुळतो, आणि आर्गोनॉट-२ तो संदेश कापूनच टाकते. नोबेल पुरस्कारही वेगवेगळे मिळाले : दुपदरी आरएनएने जनुक गप्प करण्याच्या शोधासाठी फायर व मेलो यांना २००६ साली, तर मायक्रो-आरएनएसाठी अ‍ॅम्ब्रोस व रुव्हकुन यांना २०२४ साली.

कर्करोगात पेशीचा पृष्ठभाग आणि तिच्याभोवतीचे प्रथिनांचे जाळे बदलते, तेथे मायक्रो-आरएनएची करामत पाहण्याजोगी असते. मिर-२०० कुटुंब (‘मिर’ म्हणजे मायक्रो-आरएनए) ई-कॅडहेरिनचे जनुक दाबणाऱ्या झेब१ व झेब२ या प्रथिनांना आवरते आणि त्यामुळे पेशींना एकमेकींशी बांधून ठेवणारे ई-कॅडहेरिन टिकून राहते. मिर-२९ त्या जाळ्यातील कोलॅजेन प्रथिनांना दाबतो. मिर-२१ वाढला की रेक हे प्रथिन घटते, आणि जाळे कुरतडणाऱ्या मेटॅलोप्रोटिएजांवरचा लगाम सुटतो.

दोन्ही आरएनए एकाच प्रयोगात भेटतात ते स्तनाच्या कर्करोगात. मिर-१०बी पेशीपृष्ठावरील सिंडेकॅन-१ हे प्रथिन घटवतो आणि पेशी अधिक हलू लागतात, आजूबाजूला घुसू लागतात. पण मिर-१०बीची इतरही लक्ष्ये असल्याने हा परिणाम सिंडेकॅनमुळेच झाला असे लगेच म्हणता येत नाही. म्हणून संशोधकांनी मिर-१०बीला हात न लावता, एसआय-आरएनए वापरून केवळ सिंडेकॅन-१ उतरवले, तरीही पेशी तशाच वागल्या. दोन्ही वेळा वेस्टर्न ब्लॉटवर, म्हणजे प्रथिनाचे प्रमाण पट्ट्याच्या रूपात दाखवणाऱ्या चाचणीत, सिंडेकॅनचा पट्टा फिकट दिसतो. पहिल्या वेळी तो पेशीतील नियमन दाखवतो, दुसऱ्या वेळी प्रयोगकर्त्याने मुद्दाम केलेला हस्तक्षेप. प्रकल्प-अहवालात एसआय-आरएनएने मिळालेला निकाल ‘पेशी सिंडेकॅनचे नियमन असे करते’ म्हणून लिहिला जातो, ही माझ्या मते सर्वांत महागात पडणारी चूक आहे.

एसआय-आरएनएही पूर्णपणे नेमका नसतो. त्याचा दुसऱ्या ते आठव्या न्यूक्लिओटाइडांचा तुकडा दुसऱ्याच संदेशाशी जुळला, तर तो तेथे मायक्रो-आरएनएसारखाच वागतो. म्हणूनच एका जनुकासाठी वेगवेगळ्या क्रमांचे निदान दोन एसआय-आरएनए घ्यावे लागतात आणि दोघांनी सारखाच परिणाम दाखवला, तरच तो त्या जनुकाच्या नावावर लिहावा.